चर्चमागच्या हाका

गोव्याला जायचं तर समुद्र बघायला जायचं, हे माझं मत. पण आमच्या ह्यांना मुरबाडच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलेलं, जुन्या गोव्याचं चर्च बघितलं नाय तर गोवा बघितलाच नाय. झालं, सुट्टीतली एक संध्याकाळ त्यात गेली. आमच्या गावापासून, धसईपासून गुडघ्यांच्या नावानं कण्हत आलेल्या सासूबाई, सात वर्षांची आमची रुपा, हे आणि मी, असे लॉजवरून चालतच निघालो.

चर्च खरंच मोठं, लाल चिऱ्यांचं. आत चांदीच्या पेटीत एका संताचा देह ठेवलाय, तो बघताना रुपानं माझा हात गच्च धरलेला. बाहेर आलो तर दिवेलागण झालेली, गर्दी पांगलेली. ह्यांना फोटो हवे होते. मला उभं केलं, मागं सरक, अजून सरक, संपेचना. सासूबाई झाडाखालच्या कट्ट्यावर बसलेल्या. रुपा त्यांच्याजवळ आहे असं मी धरून चाललेली, आणि माझ्याजवळ आहे असं त्या. फोटो झाले आणि बघतो तर पोरगी कुठंच नाय.

आधी मला रागच आला. तुमच्या फोटोंना लागो आग, असं ह्यांना तोंडावर बोलली. हे मेणबत्त्यांच्या दुकानांकडं धावले, मी फाटकाकडं. फाटकाशी एकदा रुपा म्हणून ओरडली, मग रस्त्यापलीकडच्या बागेत, मग पार्किंगमध्ये. कुठूनच उत्तर नाय. वॉचमनला विचारलं, तर तो बोलला, लहान पोर इकडून जाताना दिसलं नाय, पण हा रस्ता खाली फेरीबोटीकडं जातो, तिथं नदी आहे. नदी ऐकलं आणि मी त्या रस्त्याकडं वळली. तिकडं अजून आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. मी निघणार, तेवढ्यात सासूबाईंनी मागून येऊन माझं मनगट धरलं.

"पळू नको गो," त्या बोलल्या. "पळत पळत हाका मारशील तर ती ओ देणार नाय. दिवेलागणीला एकाच जागेवरून तीन हाका आल्या तरच ओ द्यायची, असं मी शिकवलंय तिला. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाय."

मला इतका संताप आला. ह्या शिकवणीवरून घरी आमची काय कमी भांडणं झालेली? पोर शिकतंय, त्याच्या डोक्यात हे कशाला भरता, असं मी किती वेळा सुनावलेलं. आताही सुनावलं असतं, पण आधी पोरगी सापडायला हवी होती. मी गुपचूप चर्चच्या अंगणात येऊन एका जागी उभी राहिली.

पहिली हाक मारली. काहीच नाय. दुसरी मारली. झाडावर कावळे तेवढे कलकलले. तिसरी हाक मारायची मला भीती वाटायला लागली. तिलाही ओ आली नाय तर मग नदीच उरत होती. सासूबाई हळूच बोलल्या, मार. मी डोळे मिटून मारली.

"ओ, मम्मी."

चर्चच्या भिंतीला बाहेरून मोठाले दगडी टेकू दिलेत, त्यातल्या एकाच्या आडून रुपा बाहेर आली. मी आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून रडली. हेही धावत आले. जीव जरा खाली पडल्यावर मी तिच्यावर डाफरली, की इतका वेळ लपून काय बसलीस, आमी मेलो ना इथं.

रुपाचा चेहरा रडवेला झाला. "मग तू तिकडून दोनदाच का बोलवलंस? दोन्ही वेळा चल बोललीस. अजून एकदा बोलवलं असतंस तर मी आलीच असती."

"तिकडून म्हंजे कुठून गो?" मी विचारलं.

तिनं फेरीबोटीच्या रस्त्याकडं बोट केलं. "त्या खालून. पाण्याजवळून. तुझाच आवाज होता."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी नाय म्हणून मान हलवली. सासूबाईंनी रुपाला आमच्या दोघांच्या मधी घेतलं आणि चालायला लागल्या. लॉजवर पोचेपर्यंत आमी कुणीच कुणाला नावानं हाक मारली नाय.