मखमली पडद्याआडची गोटी

बैठकीच्या खोलीची दारं लागली, पडदे ओढले गेले आणि मेरीबेथ टॉलिव्हरने यादी उघडली. एकोणीसशे सत्तावन्न सालची ती कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीमंडळाची अध्यक्ष. मंडळात घ्यायच्या नव्या मुलींपैकी शेवटचं नाव राहिलं होतं आणि नेमकं तेच तिला हवं होतं. नेल हॅस्क्यू, सूतगिरणीच्या वस्तीतली, स्वतःचे झगे स्वतः शिवणारी. अलाबामातल्या त्या अख्ख्या कॉलेजात आपल्याशी खरं बोलणारी ही एकच पोर, असं मेरीबेथचं ठाम मत होतं. आज ती नाकारली गेली, तर कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्याही मंडळाने तिला दारात उभं केलं नसतं.

मंडळाचा इतिहास इथे प्रत्येकीला तोंडपाठ. मुलांच्या वादसभेने घेतलं नाही म्हणून पाच जणी कपडे धुण्याच्या खोलीत जमल्या, मेणबत्तीभोवती हात धरले आणि आपण बहिणी अशी शपथ वाहिली. मग त्याच पाच जणींनी मतांची पेटी करून घेतली. दार लागलं म्हणून ज्या रडल्या, त्यांनी स्वतःचं घर होताच पहिलं काय केलं, तर कुलूप घडवलं. पण त्यांच्या तसबिरींखाली उभं राहून हे बोलायची छाती कुणाची?

पेटीला पुढून मखमलीचा पडदा. आत हात घालायचा, पांढरी किंवा काळी गोटी उचलून मागच्या खणात सोडायची. एक काळी निघाली की मुलगी बाद. कुणाची ते विचारायचं नाही आणि टाकणारीने जन्मात सांगायचं नाही. सांगितलं तर छातीवरची मंडळाची पिन काढून देऊन बाहेर पडायचं. खण एकट्या अध्यक्षेने बघायचा. खोटा निकाल सांगितला, तर तिचीही पिन जाणार.

मेरीबेथला धास्ती होती ती न्यायाधीशांच्या मुलीची, डोरोथीआची. दुपारीच थंड चहा ढवळत ती म्हणाली होती, "पोर गोड आहे गं. पण तिची आई भेटायला आली, तर तिला बसवायचं कुठे?" सगळ्या हसल्या होत्या. फे ॲन पर्व्हिस तर सगळ्यांत जोरात हसली होती.

नेलचं नाव सुचवलं होतं या फे ॲननेच. सुचवणारी मुलीला लहानपणापासून ओळखणारी लागते, असा दंडक. फे ॲन नेलच्याच गावची, आपल्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. ती आढेवेढे घेत होती, पण मेरीबेथने तिला गळ घातली. अध्यक्षेला नाही कोण म्हणणार?

पेटी फिरली. पडद्याआड हात जात होते, खट् असा आवाज येत होता. डोरोथीआचा हात आत जरा रेंगाळला तेव्हा मेरीबेथची नजर तिच्या मनगटावर खिळली. मग पेटी परत मेरीबेथपुढे आली. तिने खण ओढला.

पांढऱ्या गोट्यांत एक काळी होती.

तिचे कान तापले. भीती वाटली, पण भीतीपेक्षा चीड मोठी होती. बाहेर व्हरांड्यात नेल स्वतः शिवलेला पांढरा झगा घालून बसली होती. मेरीबेथने खण खाडकन लोटला.

"सगळ्या पांढऱ्या," ती म्हणाली.

आता जिची काळी गोटी, ती दचकणार. आणि दचकूनही तिला तोंड उघडता यायचं नाही. मेरीबेथने थेट डोरोथीआकडे पाहिलं. डोरोथीआ टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून.

"अध्यक्षताई, खण नीट पाहिलात ना?"

आवाज फे ॲनचा होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. टाळ्या थांबल्या.

"नीट पाहिला," मेरीबेथ म्हणाली. "तुला का शंका आली?"

साऱ्या माना फे ॲनकडे वळल्या. तिने छातीवरच्या पिनवर हात ठेवला.

"नाही. सहजच विचारलं."

सुचवणारीनेच फूल घेऊन जायचं आणि नव्या बहिणीला हाताला धरून आत आणायचं, ही इथली रीत. फे ॲनने पांढरं कॅमेलिया उचललं आणि खाली मान घालून ती गेली. आपणच सुचवलेल्या मुलीला हिने काळी गोटी का टाकावी, ते मेरीबेथला कळेना. नेल आत आली ती रडत-हसत, फे ॲनच्या गळ्यातच पडली. आनंदाच्या भरात तिला आवाजाचं भान राहिलं नाही.

"फे ॲन, आपल्या दोघींच्या आया गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर उभ्या राहिल्या गं. आणि आज बघ आपण कुठे आलो."

कुणीतरी खोकलं. डोरोथीआने हातातला पेला हळूच खाली ठेवला.

"फे ॲन," ती गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या वडिलांचं दुकान कुठलं म्हणालीस?"

फे ॲनने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने मेरीबेथकडे पाहिलं, आणि ती काळी गोटी का पडली ते मेरीबेथला आता कळलं.