तीन खडबडीत बोटं

मित्रांनो, मी प्लास्टरचा एक जुना ठसा आहे. एका पावलाचा. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला आजही खात्री नाही. पण माझ्याखाली तीस वर्षं एक पत्र दबून राहिलं होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. त्या पत्रासाठी तरी बोललं पाहिजे.

माझं गाव पेण. पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात. मीही त्यातल्याच एका कारखान्याच्या पोत्यातलं प्लास्टर. फक्त माझा साचा माणसाने केलेला नव्हता.

१९८८च्या थंडीतली गोष्ट. मिठागरावर काम करणारा काळुराम एका सकाळी शरद गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. गुरुजी शाळेत शिकवत आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळत. चार मोठ्या माणसांत बोलायला ते कचरत. पण त्यांच्याकडे प्राण्यांच्या चित्रांची पुस्तकं होती, म्हणून काळुराम आला. उजाडताना त्याने खाडीच्या बांधावर एक जनावर पाहिलं होतं. कुत्र्याहून उंच, अंगाने लांब. ते पाण्यात शिरलं तेव्हा पाणी वाजलंसुद्धा नाही.

"कोल्हा नाय, पाणमांजर नाय," तो म्हणाला. "जलमापासून मी त्या खाडीवर हाय, गुरुजी. ह्यो मला नवीन."

गाव त्याला हसून मोकळं झालं होतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी शेजारचा मूर्तिकार दिनानाथ याला सोबत घेतलं आणि तिघे बांधावर गेले. भरती चढत होती. मऊ चिखलातली पावलांची रांग एकेक करून पाण्याखाली जात होती. दिनानाथने प्लास्टर दह्याइतकं दाट कालवलं, उरलेल्या शेवटच्या पावलात ओतलं आणि मूर्तीला आतून लावतात तसा माझ्या पाठीला काथ्या दाबला. प्लास्टर आळताना तापतं. ती ऊब ही माझी पहिली आठवण. पाणी दिनानाथच्या घोट्याला लागलं तेव्हा त्याने मला उचललं. बाकीची पावलं खाडी घेऊन गेली.

चिखल धुतल्यावर मी दिसलो. ताटलीएवढा तळवा, पाच बोटं, नखं, आणि बोटांमध्ये पातळ पडद्याची खूण. काळुरामने मला हात जोडले. मित्रांनो, मी त्या जनावराचं पाऊल आहे, पण मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचा सगळा भार एका क्षणी माझ्या जागेवर होता, एवढंच मला ठाऊक.

मला सुकायला दिनानाथच्या कारखान्यात ठेवलं आणि तिथेच घात झाला. तिथे हौसाबाई मूर्ती घासायचं काम करी. तिचा हात इतका सरावलेला होता की समोर कच्चं प्लास्टर दिसलं की पॉलिशपेपर आपोआप फिरे. दोन बोटं घासून झाल्यावर ती थबकली आणि मालकाला म्हणाली, "दिनूशेठ, ह्यो कुठला देव? ह्याला नखं हायत."

तोवर माझी दोन बोटं गणपतीच्या बोटांसारखी गुळगुळीत झाली होती. तीन तेवढी खडबडीत राहिली.

तरीही गुरुजींनी मला ग्रंथालयात मांडलं. महिनाभर माझा थाट होता. मुलं माझ्यावर आपला पंजा ठेवून बघत. पाचवीतली वृंदा तर रोज मधल्या सुट्टीत येई. मग एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सहज म्हटलं, "दिनानाथचा हात चांगला आहे हो, अगदी खरा वाटतो." सगळे हसले. गुरुजींना तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी मी पत्र्याच्या डब्यात गेलो.

पुढच्या वर्षी मिठागर बंद पडलं आणि काळुराम रोह्याजवळच्या खांब गावी, सासुरवाडीजवळ राहायला गेला. तिथून त्याने मुलीकडून लिहून घेतलेलं पत्र आलं. 'गुरुजींना नमस्कार. माझ्याआधी माझी गोष्ट इथे पोचली. लोक जनावरवाला म्हणून हाक मारतात. ठसा तुमच्यापाशी आहे. मी पाहिलं ते खरं का, एवढं दोन ओळीत कळवा. खोटं असेल तर तसं लिहा, मी गप्प बसेन.'

गुरुजींनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. कितीदा घेतलं. आधी प्राणी ओळखू, मग लिहू, असं म्हणून ते पुस्तकं मागवत, माझी बोटं मोजत. त्यातली दोन गुळगुळीत. कागद फाटे. शेवटी त्यांनी पत्र माझ्याखाली ठेवलं आणि झाकण लावलं.

तीस वर्षं गेली. वृंदा रोह्यात कॉलेजमध्ये प्राणिशास्त्र शिकवू लागली होती. कोणी न ओळखलेल्या प्राण्यांच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींचा शनिवार-रविवारचा मेळावा तिने गावातल्या एका शाळेत भरवला आणि गुरुजींना निरोप धाडला : ठसा घेऊन या. गुरुजींनी मला पिशवीत घातलं, सोबत ते पत्रही. रोह्याच्या गाडीत कासू स्टेशनला त्यांना वाटलं, उतरावं. निडीला ते खरोखर उठून दारापर्यंत गेले. गाडी सुटली म्हणून रोह्याला पोचले.

मेळाव्याला तीसेक माणसं होती. एकाकडे रात्री टिपलेली ओरड होती, एकाकडे धुरकट फोटो. नाथा नावाच्या एका शेतकऱ्याने काळ्या बिबट्याचा फोटो दाखवला. वृंदाने तो मोठा केला तेव्हा रेडकू निघालं. सगळ्यांत मोठ्याने नाथाच हसला. गुरुजी मागच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली नाही.

जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. वाढणाऱ्या बायजाबाई खांबच्या. भिंतीवर लावलेली प्राण्यांची चित्रं बघून त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पन एक म्हातारा हाय, काळूबाबा. त्यानं पेनला असंच कायतरी बघितलंन."

गुरुजींचा घास हातातच राहिला. काळूबाबा अजून सांगतात का ती गोष्ट, असं त्यांनी हळूच विचारलं.

"आधी सांगायचा. आता इचारलं की म्हनतो, गुरुजींचा कागद नाय आला, म्हंजे मला नायच दिसलं."

गुरुजींनी डावा हात पिशवीत घातला आणि ते पत्र चाचपलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला टेबलावर ठेवलं. माणसं भोवती जमली. एका पुणेकराने मला उलटं केलं आणि त्याचा आवाज चढला : पाठीत केस अडकलेत, प्राण्याचे केस! टाळ्या पडायच्या बेतात होत्या. गुरुजींचा चेहरा पडला. गप्प राहिले असते तर त्या दिवशी माझी मिरवणूकच निघाली असती.

"तो काथ्या आहे," गुरुजी म्हणाले. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाले. मग सगळंच सांगितलं : दिनानाथ, भरती, हौसाबाईचा पॉलिशपेपर. "ही दोन बोटं बाद धरा. मी तीस वर्षं हे बोललो नाही."

मला वाटलं, आता हसतील. वृंदा म्हणाली, "गुरुजी, बाद कुठली ते तुम्ही सांगितलंत, म्हणून उरलेली तीन मला खरी वाटतात."

तिने खिडक्या लावायला सांगितल्या आणि माझ्या बाजूला, टेबलालगत आडवी बॅटरी धरली. मित्रांनो, माझ्या अंगावर काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. त्या तिरप्या उजेडात तीन खडबडीत बोटांवर कातडीच्या बारीक रेषा उठल्या. पडद्याला पडलेली एक जुनी चीर दिसली, भरून आलेली. कुठल्या तरी खाडीत कधीतरी ते जनावर जखमी झालं होतं आणि बरं झालं होतं. नाथाने डोक्यावरची टोपी काढली.

वृंदाने पाणमांजराच्या पावलाचं माप लावून पाहिलं. मी दुपटीहून मोठा भरलो. पुस्तकं चाळून झाली. मग तिने वहीत लिहिलं : 'पेणची खाडी. ओळख : माहीत नाही.' हे दोन शब्द तिने असे लिहिले, जसं देवापुढे फूल ठेवावं. गुरुजी त्या शब्दांकडे बघत राहिले. असंही उत्तर असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"पाहणाऱ्याचं नाव?" तिने विचारलं.

"काळुराम," गुरुजी म्हणाले. या वेळी आवाज फुटला.

मग त्यांनी बाकावर बसून पोस्टकार्ड लिहिलं. बायजाबाई म्हणाल्या, माझ्याकडं द्या, संध्याकाळी पोचवते. गुरुजींनी नको म्हणून मान हलवली. टपालाने गेलं म्हणजे पोस्टमन ते चावडीसमोर वाचेल आणि गावाच्या कानावर पडेल. म्हणून तर त्यांनी उघडं कार्ड घेतलं होतं.

आता मी वृंदाच्या कॉलेजात कपाटात असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, घासून सुबक करू नका. आणि कोणी वाट बघत असेल, तर सगळं कळेपर्यंत थांबू नका. जेवढं ठाऊक आहे तेवढं कळवा.

त्या दुपारी गुरुजी मला काखेत धरून लाल पेटीपाशी गेले. कार्ड टाकण्याआधी त्यांनी एकदा वाचलं, तेव्हा मीही वाचलं. 'काळुराम, तुम्ही पाहिलं ते खरं होतं. काय होतं ते मला माहीत नाही, इथे जमलेल्या कोणालाच नाही. तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या. ही तिसरी माझी : गप्प बसू नका.'

कार्ड पेटीत पडलं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.