ओसरीवरची सुखाची पाहणी

चिंतामण अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. शैलाचा हा थोरला भाऊ. माणसाला सुखी करायचा उपाय म्हणे त्याला सापडला होता. दिवेलागणीला दिवसातली एक चांगली गोष्ट आठवायची, बस! अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बायकांना त्यानं महिनाभर हे करायला सांगितलं होतं. शैलाचं सासर तिथलंच, म्हणून गल्लीही तिचीच धरली.

आज तो विचारायला येणार होता. शैला सकाळपासून त्याची वाट बघत होती. नवरा तिला मारायचा आणि सासू बघत बसायची. दादाला सगळं सांगायचं अन् त्याच्याबरोबरच माहेरी निघायचं, असं तिनं पक्कं केलं होतं.

पण काय म्हणावं या शहाण्याला! त्यानं सगळ्या बायकांची बैठक मांडली शैलाच्या ओसरीवर. प्रत्येकीच्या मागे तिची सासू येऊन बसली. हा विचारतोय, "सुख वाढलं का?" आता दारी आलेल्या पाहुण्याला, तेही सासूदेखत, कोणती सून नाही म्हणेल? सगळ्या "वाढलं" म्हणाल्या. शैलाही तेच म्हणाली. चिंतामणची कळी खुलली.

तो पाणी प्यायला आत आला, तेव्हा तिनं त्याला गाठलं.

"दादा, सगळ्या खोटं बोलल्या रे. शेजारच्या चतुराबाई म्हणत होत्या, एवढा मोठा मानूस दारात आला, त्याले नाही कसं म्हनाव? मीही खोटंच बोलले. मला घेऊन चल."

का, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. त्याचा चेहराच उतरला. "अगं, पुढच्या आठवड्यात नागपूरला परिषदेत वाचायचंय हे. एवढ्या बायका खोटं बोलतील होय?" मग त्यानं आवाज खाली आणला. "शैले, आता इथे कोणी नाही. थोडं तरी बरं वाटतं ना गं तुला?"

तो अगदी काकुळतीला आला होता. शैलाला त्याचा भयंकर राग आला, आणि कीवही. याला खरं नकोच आहे, हे तिला कळून चुकलं.

"वाटतं," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" असं म्हणत त्यानं चपला घातल्या आणि मोटरस्टँडची वाट धरली.

संध्याकाळी नवरा घरात आल्याबरोबर सासू म्हणाली, "तुझी बायको आज भावाच्या कानाशी लागली होती."

त्यानं आतून कडी लावली.