बोडिलच्या कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख

उत्तर डेन्मार्कमधल्या एका खाडीच्या काठी, हिवाळ्यात पोहणाऱ्यांच्या क्लबात, एक फोटो भिंतीवर लावलेला होता. त्याखाली तारीख छापली होती: १ जानेवारी २०११, दुपारी बारा वाजून सात मिनिटे. फोटोत धक्क्यावरच्या जुन्या लाकडी खोलीत एक म्हातारा पेटलेल्या शेगडीपुढे वाकलेला दिसतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून आलेले ऊन खिडकीच्या पायथ्याशीच जमिनीवर पडलेले दिसते.

मित्रांनो, तो फोटो मी काढला. मी कॅमेरा आहे. जुना आहे आणि रागावलेला आहे. म्हाताऱ्या वस्तू हळव्या होऊन आपली कहाणी सांगतात, असे तुम्ही वाचले असेल. मी हळवा झालेलो नाही. माझ्या नावावर एका निरपराध माणसाला शिक्षा झाली, म्हणून बोलतो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला दोन कामे शिकवण्यात आली. पहिले काम समोर दिसेल त्याचे चित्र टिपण्याचे. दुसरे काम त्या चित्राच्या फाइलीत एक नोंद लिहिण्याचे: दिवस, वेळ, भिंगाचे छिद्र किती उघडले, चित्राचा क्रमांक कोणता. ही नोंद चित्रात दिसत नाही, पण चित्र जाईल तिथे ती बरोबर जाते. माणसे तिला मेटाडेटा म्हणतात आणि अडचण येईपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पहिल्या कामाबद्दल माझे पुष्कळ कौतुक झाले. दुसऱ्या कामाने अनर्थ केला.

मला बोडिलने विकत घेतले. ती गावातली टपाल वाटणारी बाई, नुकतीच निवृत्त झालेली. क्लबात तिच्याइतका फोटोंचा सोस कोणालाच नव्हता. बर्फ फोडून पाण्यात उतरणारे लोक, लालबुंद पाठींतून निघणारी वाफ, नववर्षाच्या डुबकीनंतर हातोहात फिरणारी कडू दारूची बाटली, हे सारे मी टिपले. "बोडिलचा कॅमेरा म्हणजे क्लबचा डोळा," असे लोक म्हणत, आणि मला ते खरे वाटे.

बोडिलची एक सवय होती. गारठ्याने बॅटरी मरते, हे हिवाळी पोहणाऱ्या प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. शिवाय वापर नसेल तेव्हा विजेरीतले सेलसुद्धा काढून ठेवायचे, हे वळण तिला आईकडून लागलेले. त्यामुळे फोटो काढून झाले की ती माझी बॅटरी काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवी आणि मला लोकरीच्या मोज्यात घालून पिशवीत टाकी. पुढची खेप आठवड्याने येई, कधी महिन्याने. बॅटरी घातली की मी जागा होई आणि पडद्यावर एक प्रश्न दाखवी. बोडिलचा गारठलेला अंगठा तो प्रश्न बाजूला सारी. "आधी फोटो, मग गप्पा," असे ती मला म्हणे. मग मी निमूटपणे कामाला लागे.

२०११ च्या नववर्षदिनी संध्याकाळी धक्क्यावरची ती खोली जळून गेली. माणूस कोणी दगावला नाही. क्लबचा नियम असा की, जो शेवटी बाहेर पडेल त्याने निखारे विझवून शेगडीचे दार लावायचे. त्या दिवशी शेवटी कोण बाहेर पडले, हे कोणालाच सांगता येईना.

तेव्हा क्लबच्या फोटोंचा संग्रह लावण्याचे काम प्रेबेनने अंगावर घेतले. प्रेबेन जुना औषधविक्रेता. त्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी डकवलेली असे. सगळ्यांचे फोटो त्याने आपल्या संगणकावर घेतले. माझ्या फोटोंवर त्याला सगळीकडे एक जानेवारीच दिसली. ज्यांत हिरवी पाने होती ते त्याने उन्हाळ्यात टाकले. खोलीच्या आत काढलेल्या फोटोंत पाने नव्हती. ते त्याने नववर्षाच्या डुबकीचे ठरवले. मग त्याला कोपऱ्यातली नवी शेगडी दिसली. ती २०१० च्या मे महिन्यात बसवली होती. म्हणजे नव्या शेगडीसह आलेला नववर्षदिन एकच, आगीचा. प्रेबेनने फाइलींमधली तारीख पुसून तिथे नवी लिहिली, फाइलींची नावेही बदलली आणि माझे क्रमांक फेकून दिले. आपण काय बदलले, याची नोंद त्याने कुठेही ठेवली नाही. मिठाच्या बरणीला चिठ्ठी लावणाऱ्या माणसाने!

क्लबाची सभा भरली. मी बोडिलच्या पिशवीत होतो. प्रेबेनने तो फोटो पडद्यावर दाखवला. पेटत्या शेगडीपाशी एकटाच दिसणारा माणूस शेवटी बाहेर पडला असणार, असा त्याचा तर्क होता.

"हेनिंग, हा तूच ना?"

हेनिंग हा फेरीबोटीवरचा जुना इंजिनवाला. शेगडी त्यानेच बसवली होती. "मीच की. जूनमधला आहे तो. शेगडी नवी होती, धूर नीट ओढते का ते बघत होतो. बोडिलनेच काढला."

"खाली तर जानेवारी आहे."

"मग तारीख चुकलीय."

"तारीख कशी चुकेल? कॅमेरा काय पिऊन आला होता?"

लोक हसले. हेनिंग हसला नाही. "नववर्षाला मी ऑल्बोर्गला मुलीकडे होतो. उकडलेला मासा खात. विचारा तिला."

"मुलगी बापाच्या विरुद्ध बोलणार आहे होय?" मागून कोणीतरी म्हणाले.

सगळ्यांनी बोडिलकडे पाहिले. "मला नाही बाई आठवत," ती म्हणाली. "इतके फोटो काढते मी. माझ्यापेक्षा कॅमेऱ्याला जास्त लक्षात राहतं."

त्या क्षणी मला विचारले असते तर मीही एक जानेवारीच सांगितली असती. मी खोटे बोलत नव्हतो. ऋतू ओळखणे हे माझे काम नाही. माझे घड्याळ सांगेल तेवढेच मला माहीत असते. आणि साल माझे नव्हतेच, ते प्रेबेनचे होते. पण दोघांच्या लिखाणात सांधा दिसत नव्हता. यंत्राची साक्ष आणि माणसाचा अंदाज एकाच ओळीत, एकाच अक्षरात उभे होते, आणि लोकांनी दोन्हीला यंत्राची साक्ष मानले.

हेनिंगला क्लबातून कोणी काढले नाही. आमच्याकडे तसे करत नाहीत. तो आला की बाकावर सरकून जागा करणे लोकांनी थांबवले, इतकेच. त्याने एक पूर्ण हिवाळा उभे राहून कपडे बदलले. नंतर तो येईनासा झाला.

बोडिलने फोटो काढणारा फोन विकत घेतला आणि मी मोज्यासकट खणात गेलो. नवी खोली उभी राहिली. काही वर्षांनी प्रेबेनने तो फोटो चौकटीत घालून तिथल्या भिंतीवर लावला. खाली तारीख, आणि तारखेखाली 'जुन्या खोलीची अखेरची दुपार'. वार्षिक समारंभाला हेनिंगची मुलगी रेगित्झे आली होती. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. फोटोसमोर ती बराच वेळ उभी राहिली. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी ती दालचिनीचा केक घेऊन प्रेबेनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. बोडिलला तिनेच मला घेऊन यायला सांगितले होते, म्हणून पुढचे सगळे मी स्वतः ऐकले.

"प्रेबेन, जुन्या खोलीत नववर्षाला तू कुठे बसायचास?"

"मागच्या भिंतीला. सगळ्यांची तिथेच धडपड. ऊन थेट तोंडावर येतं."

"आणि खिडकीखाली, जमिनीवर?"

"तिथे कसं येईल? एक जानेवारीला सूर्य पलीकडच्या झाडांच्या जेमतेम वर असतो. ऊन आडवं आत येतं आणि भिंतीवर जातं. हे तुझ्या मुलांना शिकव, मला नको."

रेगित्झेने फोटोची प्रत त्याच्यापुढे सरकवली. "मग हे ऊन कुठे पडलंय?"

प्रेबेनने चष्मा पुसला. फोटो उजेडात धरला. पुन्हा चष्मा पुसला.

"फाइलीत आधी कुठली तारीख होती?" तिने विचारले.

"एक जानेवारीच होती. साल फक्त दोन हजार पाच होतं. तेव्हा ही शेगडीच नव्हती, म्हणून साल मी दुरुस्त केलं."

"म्हणजे साल चुकलंय हे तुला कळलं. मग दिवस बरोबर आहे, हे कशावरून?"

"आपण एक जानेवारीला डुबकी मारतो म्हणून."

"मूळ फाइली दाखव."

"त्याच तर दुरुस्त केल्या. नुसते आकडे होते नावांत, काही अर्थच लागत नव्हता."

"त्या आकड्यांवरून हा फोटो कुठल्या दोन फोटोंच्या मधला, ते कळलं असतं." रेगित्झेचा आवाज चढला नाही, पण तिने कप ठेवला तेव्हा बशीतला चमचा उडाला. "माझ्या वडिलांना तू गुन्हेगार ठरवलंस, आणि पुरावा तुझ्याच हाताने पुसलास. वर त्याला दुरुस्ती म्हणतोस."

"सगळं नीट लावायचं होतं मला," प्रेबेन म्हणाला.

बोडिलने मला मोज्यातून काढले. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. तिने ती घातली. मी जागा झालो आणि पडद्यावर प्रश्न आला: आजची तारीख कोणती? बोडिलचा अंगठा सरावाने पुढे गेला आणि प्रश्न नाहीसा झाला.

"थांब," रेगित्झे म्हणाली. "आत्ता काय दाबलंस?"

"काही नाही गं. हा मेला नेहमीच विचारतो. मी केव्हाच उत्तर देत नाही."

"बरं. आता केकचा फोटो काढ."

बोडिलने काढला. रेगित्झेने त्याची नोंद उघडून दोघांपुढे धरली. एक जानेवारी, दोन हजार पाच, दुपारचे बारा. बाहेर ऑक्टोबरचा वारा पाने उडवत होता. बोडिल खुर्चीत बसली.

दुसऱ्या दिवशी प्रेबेन हेनिंगच्या दारात जाऊन उभा राहिला. बोडिल बरोबर होती, मी तिच्या पिशवीत होतो.

"फोटो काढून टाकतो मी," प्रेबेन म्हणाला.

"कशाला? राहू दे. खाली खरं लिही. आधी काय लिहिलं होतंस आणि का बदललंस, तेही लिही."

"आणि तू परत ये, हेनिंग. बाकावर जागा आहे."

"आता डॉक्टर गार पाण्यात उतरू देत नाहीत," हेनिंग म्हणाला. "जागा तेव्हा हवी होती."

त्याने त्यांना कॉफी विचारली नाही. बरे केले.

मित्रांनो, आग कोणामुळे लागली ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले मी सांगणार नाही. तुमच्या घरीही हजारो फोटो साठत आहेत. त्यांची मूळ फाइल जशीच्या तशी जपा. चूक दिसली तर जुनी नोंद पुसू नका. तिच्याशेजारी नवी लिहा, कोणी लिहिली ते लिहा, कशावरून लिहिली ते लिहा. आणि यंत्राने काही विचारले तर उत्तर द्या.

आता कारण सांगतो. बॅटरी काढल्यावर माझे घड्याळ चालवणारा आतला लहानसा सेल फार तर दोन दिवस टिकत असे. तो संपला की पुढच्या वेळी जागे झाल्यावर मी कारखान्यात लावून दिलेल्या क्षणापासून वेळ मोजू लागे: १ जानेवारी २००५, दुपारी बारा. मी तारीख विचारत असे आणि बोडिल उत्तर न देता प्रश्न बंद करत असे. त्या दिवशी बॅटरी घातल्यावर सात मिनिटांनी तिने हेनिंगचा फोटो काढला. साल प्रेबेनने बदलले. दिवस त्याने बदलला नाही, कारण एक जानेवारीला गाव पोहते. फोटो २०१० च्या जूनमधला आहे, आणि त्यात हेनिंग शेगडी सुरक्षित आहे की नाही, ते तपासतो आहे.