कोंडा द्यायचा राहिला

साडेतीन वर्षांची होईपर्यंत माझी मुलगी कायद्यानं माझी आणि रिवाजानं हुसेनबीची होती. आमच्या घरात कायद्याला फारसं कुणी विचारत नसे.

हुसेनबी बागवान गल्लीतली. थंडीत पेरू, उन्हाळ्यात लिंबं, असं काही ना काही पाटीत घेऊन रोज मंडईला जायची. आमची शुक्रवार पेठेतली गल्ली तिच्या वाटेवर नव्हती. त्या दिवशी पलीकडच्या बोळात उसाची गाडी कलंडली होती, म्हणून ती वळसा घालून आमच्या दारावरनं आली. दारात आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सुपात मुलगी होती. दिवाळी नुकतीच झाली होती आणि साल सेहेचाळीस.

ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घरानं मूल विकायचं असतं. सुपात घालून उंबऱ्यावर ठेवायचं आणि रस्त्यानं पहिली जी बाई येईल तिच्या हातात द्यायचं. तिनं 'माझं झालं' म्हणायचं. मग घरच्यांनी ओंजळभर कोंडा देऊन ते परत विकत घ्यायचं. म्हणजे मुलं न्यायला जो कोणी येतो त्याची समजूत होते, की हे मूल या घरचं नव्हे, बाहेरून आणलेलं आहे, आणि तेही कोंड्याच्या भावानं. एवढ्या हलक्या मालासाठी तो खेप घालत नाही.

माझी आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. आक्कांची पाच गेली. त्यानंतर झालेले आमचे हे, म्हणजे माझे यजमान गणपतराव. तोंडानं नाव घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी. त्यांना एका कुंभारणीला विकलं होतं. ते जगले आणि दरबारच्या कचेरीत कारकून झाले, याहून मोठा पुरावा आक्कांना नको होता.

मी राजाराम कॉलेजातून बी.ए. झालेली. तर्कशास्त्र घेतलं होतं. बाळंतपणामुळं हरकत घ्यायचं त्राण नव्हतं, असं मी पुढं मैत्रिणींना सांगत असे. खरं तर हरकत घ्यावी असं मला वाटलंच नाही. आक्का मला परक्या नव्हत्या. दुसरं मूल गेलं त्या दुपारी त्यांनी माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि समोर बसून राहिल्या. संध्याकाळ झाली तरी उठल्या नाहीत. शेवटी त्यांचे गुडघे दुखत असतील म्हणून मी खाल्ली. अशा बाईनं सूप मागितलं तर सूप काढून द्यावं.

हुसेनबीनं पाटी उतरली, हात पुसले, मुलीला उचललं आणि 'माझी झाली' म्हणाली. आक्का कोंडा आणायला आत गेल्या. कोंडा नव्हता. रेशनचे दिवस होते, पीठ चाळून टाकण्याची कुणाची ऐपत नव्हती. जोंधळा जसा दळून यायचा तसा पोटात जायचा. शेजारच्या चिमणाबाईंकडंही नव्हता. हुसेनबीला मंडई गाठायची होती. 'ऱ्हाऊ द्या, मग घीन,' असं म्हणून तिनं मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि गेली. मंडईतून परतताना ती तिच्या नेहमीच्या बोळानं गेली. तोवर गाडी उचलली होती.

चार-आठ दिवसांत आक्कांनी कुठून तरी कोंडा मिळवला. पण मुलगी चांगली पीत होती आणि रडायचीही खणखणीत. महिना होऊ दे, मग देऊ, असं आक्का म्हणाल्या. महिना झाला. मग आक्का विचार करत बसल्या. आधीच्या खेपांना जे जे केलं ते सगळं या खेपेलाही केलं होतं. दोघांनाही विकलं होतं, परतही घेतलं होतं. फरक एवढाच, की या वेळी कोंडा द्यायचा राहिला. कॉलेजात आम्ही याला व्यतिरेक पद्धती म्हणत असू आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. आक्कांनी तो कोंडा गल्लीतल्या एका म्हशीला घातला आणि हुसेनबीला निरोप पाठवला, की पोर तुझीच, येऊन बघून जात जा.

हुसेनबीनं तो निरोप मनावर घेतला. आठवड्यातून एकदा ती यायची, पाटी कट्ट्यावर ठेवायची आणि कुणाला न विचारता सरळ आत येऊन मुलीला उचलायची. मी मीनाक्षी नाव ठेवलं होतं. हुसेनबी तिला चमन म्हणायची. आक्का धोंडू म्हणायच्या, कारण दगडाला काही होत नाही. मुलगी तिन्ही नावांना ओ द्यायची, काम सांगितलं की एकालाही देत नसे.

कान कधी टोचायचे, दूध कधी तोडायचं, हे हुसेनबी ठरवायची. आक्का सगळ्याला माना डोलवायच्या. मालकिणीपुढं काय बोलणार. देवीची लस टोचून घ्यायची मला घाई होती आणि हुसेनबी अडवेल अशी भीती होती. मी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. तिच्या तोंडावर देवीचे वण होते. ती म्हणाली, 'आजच जावा.' माझी वाक्यं वाया गेली.

एक गोष्ट मात्र मला जड जायची. मुलगी कुणाची, असं कुणी विचारलं तर 'माझी' म्हणायचं नाही, असा आक्कांचा दंडक होता. ज्यानं ऐकू नये तो ऐकेल. हळदीकुंकवात, देवळात, दवाखान्यात मी 'हुसेनबीची' असं सांगायची. माझी कॉलेजातली मैत्रीण लीला पुण्याहून आली होती. तिला मी हेच सांगितलं. तिनं मुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चहा झाल्यावर लवकर उठली.

माझा यावर विश्वास नव्हता. पण मुलगी झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची आणि श्वास लागला की मनात म्हणायची, हुसेनबीची आहे, हुसेनबीची आहे. विश्वास नसलेला माणूस याहून निराळं काय करतो, मला ठाऊक नाही.

पुढं संस्थान विलीन झालं आणि दरबारचे कारकून मुंबई सरकारचे कारकून झाले. सन पन्नासच्या उन्हाळ्यात ह्यांची नाशिकला बदली झाली. आक्कांनीही आमच्याबरोबर यायचं ठरलं. सामान बांधायला काढलं आणि मग आक्कांच्या लक्षात आलं, की मुलगी आपली नाही.

हुसेनबीला बोलावून घेतलं. नाशिक कुठं आलं, असं तिनं विचारलं. पुण्याच्याही पलीकडं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, 'तितक्या लांब माझ्यानं कशी नजर ठेवणं हुईल? कोंडा द्या आन् तुमची पोर तुम्ही घिऊन जावा.'

'कोंडा मिळायचा न्हाय,' आक्का म्हणाल्या.

'मग पोर बी जायाची न्हाय.'

'नको जाऊ दे.'

अशा रीतीनं माझ्या मुलीचा निकाल लागला. मी तिथंच बसले होते, पण मला कुणी विचारलं नाही. कोंडा आता घरात रोज निघत होता. दोन पायली मागितला असता तरी मिळाला असता. हे म्हणाले, तुमचं मिटलं की कळवा, तोवर मी पुढं जाऊन नाशिकला जागा बघतो. जागा मिळणं अवघड आहे असा त्यांचा समज होता.

मिटायच्या आधी मुलीला गोवर आला. आक्कांनी फोडणी बंद केली आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. हुसेनबीला कळलं तशी ती पाटी घरी ठेवून आली आणि मुलीच्या पायाशी बसली. आक्का उशाशी. दोघींचं बोलणं बंद होतं, त्यामुळं सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालायचा. तिला म्हणावं पांघरूण नीट कर. त्यांना म्हणावं केलंय. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

तिसऱ्या दिवशी पुरळ मावळायला लागलं, पण ताप उतरेना आणि मुलीची छाती भात्यासारखी हलायला लागली. डॉक्टर आले. तरुण होते. छाती तपासली, सुई दिली आणि आई कोण, असं विचारलं. औषध कसं द्यायचं ते सांगायचं होतं. आक्कांनी हुसेनबीकडं बोट केलं. हुसेनबीनं मान खाली घातली. मी गरम पाण्याचं पातेलं धरून उभी होते. डॉक्टरांनी मला घरात ठेवलेली नर्स समजून सगळं नीट समजावून सांगितलं. जाताना म्हणाले, 'फुफ्फुसाला सूज आहे. आजचा-उद्याचा दिवस जाऊ द्या, मग सांगता येईल.'

ते गेल्यावर हुसेनबी पहिल्यांदा आक्कांशी सरळ बोलली.

'आक्का, आता तरी कोंडा द्या.'

'आता तर न्हायच. आता दिला तर हातची जाईल.'

'माझ्या नावावर ठिऊ नगासा हिला. माझ्या नावावर काय बी टिकत न्हाय. चार झाली, चारीच्या चारी पोचिवली मी.'

आक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मूल घेणारी बाई भरल्या घरची असावी, लेकुरवाळी असावी, एवढं तर कुणालाही कळतं. पण साडेतीन वर्षांत तिला ते विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. पहिली आलेली बाई, एवढंच आम्ही बघितलं होतं.

'आन् हे आता सांगतीस व्हय?'

'तुम्ही इचारलंसा कवा?' हुसेनबी म्हणाली. 'त्या दिवशी तुम्ही हाक मारली, हातात पोर दिली. वाटलं, सांगावं. मग वाटलं, घटकाभराची तर गोष्ट हाय, घेऊ दे की हातात. मग तुम्ही कोंडाच दिला न्हाई. पोर बी जगली. मग कुठल्या तोंडानं सांगू?'

मुलीच्या छातीतला आवाज तेवढा ऐकू येत होता. मी पातेलं खाली ठेवलं. आक्कांची पाच, हुसेनबीची चार, माझी दोन. मुलीला लपवायला आमच्याकडं एकही धड नाव नव्हतं. मला आश्चर्य याचं वाटलं, की हे ध्यानात आल्यावर भीती वाढायला हवी होती, ती वाढली नाही. तेवढीच राहिली.

मी स्वयंपाकघरात गेले. चाळणीत सकाळचा कोंडा होता. ओंजळ भरून आणला आणि हुसेनबीपुढं धरला. थोडा वाटेत सांडला.

'माझी मला द्या,' मी म्हटलं. 'जगली तरी माझी, नाही जगली तरी माझी.'

आक्का मला अडवतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, 'सूप तरी घ्यायचं.'

सुपात मावत नाही आता ती, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. हुसेनबीनं पदर पसरून कोंडा घेतला, त्याला गाठ मारली आणि मुलीला पांघरुणासकट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मुलीनं डोळे उघडले नाहीत. आक्का उठून चुलीकडं गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तिघींसाठी भाकरी होती, फोडणी नसलेल्या आमटीबरोबर. हुसेनबी नको म्हणाली. आक्का तिच्यासमोर जाऊन बसल्या. मी हुसेनबीला सांगितलं, की खाऊन टाका, त्या उठायच्या नाहीत.

कोंडा दिला म्हणून ताप लगेच उतरला नाही, वाढलाही नाही. आणखी दोन दिवस होता तसाच राहिला आणि मग हळूहळू उतरला. आक्का म्हणाल्या, लिंबाच्या पाल्यानं. हुसेनबी म्हणाली, तिनं दर्ग्याला फातेह्याचा नवस बोलला होता म्हणून. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिन. मी तिघांनाही मान डोलावली. मुलगी उठून बसली आणि तिनं मिरचीची चटणी मागितली.

पुढच्या आठवड्यात हुसेनबी आली. पाटी कट्ट्यावर ठेवली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. ती आत का येत नाही, मला कळेना. मुलगी तिच्याकडं धावली तर तिनं हात मागं घेतले आणि माझ्याकडं बघितलं.

'घिऊ का?' तिनं विचारलं.

साडेतीन वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी घ्या म्हटलं. आत या म्हटलं. ती आत आली, पण कडेला बसली, पाव्हण्यासारखी. मुलगी तिच्या मांडीवर चढली, तरी तिनं हात तिच्या पाठीवर ठेवायला वेळ लावला. आक्का चुलीपाशी उगाच भांडी हलवत होत्या.

ती अशी बसलेली मला बघवेना. गोवरानंतर मुलीला काय खायला द्यावं, असं मी तिला विचारलं. आता तुमची पोर, तुमचं तुम्ही ठरवा, मी कोण सांगणार, असं ती म्हणाली. आणि मग मंडईची वेळ टळेपर्यंत सांगत बसली. तेल लावायचं, पण डोक्याला नाही. केळं नको. नाशिकचं पाणी कसं असेल कोण जाणे, महिनाभर उकळूनच पाजायचं. द्राक्षं बागेतनं आणली तरी धुऊन द्यायची. पोरगी खिडकीशी बसवायची नाही, गाडीत नाही आणि घरातही नाही.

मी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं करायचं, असं मी ठरवलं.