समुद्रावर गेलेलं चित्र

"मिस, तांता गावच्या बाई म्हणतात, चांदणी लावा," मदतनीस शरूकने फोनवरची नजर न काढता सांगितलं.

"म्हणजे पोरगी रोज रात्री चांदणी मागणार. आणून देणार आहेत का तांताच्या बाई?"

"मन्सूराहून आलंय, झोपलेला माणूस."

"आणि उद्यापासून ती आईला डोळा लावू देणार नाही. पुढे?"

"एकीने परदेशी संचातलं पाठवलंय. दगड आहे, दगडापुढे फुलं, आणि सगळीकडे बर्फ."

"बर्फ!" इनायात हसली, आणि आपण हसलो याची तिला लगेच लाज वाटली.

प्रश्न तिनेच टाकला होता. ज्या मुलांना बोलता येत नाही, जी चित्रं दाखवून बोलतात, त्यांच्यासाठी 'मेला' या शब्दाला कुणी कुठलं चित्र वापरतं का? नाईलच्या या सगळ्या मुलखातले थेरपिस्ट फोनवरच्या एका गटावर होते. एरवी साध्या प्रश्नाला उत्तरांचा पाऊस पडायचा. आज सल्ले आले, दुवा आली, रडक्या चेहऱ्यांची रांग आली, पण चित्र कुणाकडेच नव्हतं. भूक, तहान, टुकटुक रिक्षा, झोका, कान दुखतो, दिवा बंद कर; सगळं मुलांना शिकवून झालं होतं. हे एक राहून गेलं होतं.

दमियातमध्ये फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारखान्याच्या वर इनायातचं केंद्र होतं. मुलांना बोलतं करता करता तिचे केस पिकले होते आणि पॉलिशच्या वासाने नाक केव्हाच कामातून गेलं होतं. शिवाय तिने एक बिनपगारी उद्योग अंगावर घेतला होता, तो म्हणजे बातमीपत्र. या मुलांसाठी जगात नवं काय निघालं, कुठलं साधन घरच्या घरी बनवता येईल, हे ती दर महिन्याला अरबीत उतरवून सगळ्यांना पाठवायची. परदेशी संचातली चित्रं बघून ती कपाळाला हात लावायची. "आमच्या पोरांनी बर्फाचा माणूस कधी मागायचा, आणि मागितला तर ठेवायचा कुठं?" मग तिने स्वतः फोटो काढले. तामियाचे वडे, तुर्मुसचे खारे दाणे, टुकटुक, आजीची ओढणी. ते संच पार असवानपर्यंत गेले. गावोगावच्या तरण्या पोरी तिला भेटल्या की हाताचं चुंबन घ्यायला वाकायच्या. तिला ते आवडायचं. नाही कशाला म्हणा.

या महिन्याच्या अंकासाठी मात्र तिचं घोडं अडलं होतं. उतरवायला घेतलेल्या परदेशी लेखात एक साधीच सूचना होती. जी गोष्ट आत्ता मिळणार नाही, तिचं चित्र मुलाच्या फळ्यावरून काढू नका. 'आत्ता नाही' असं सांगा. चित्र काढलंत तर तुम्ही त्याचा शब्दच काढून घेता.

इनायातने नेमकी उलटी युक्ती शिकवली होती. आणि ती युक्ती तिला सुचली होती सोंदोसपायी.

सोंदोस ही इजबत अल-बुर्ज या किनाऱ्यावरच्या गावातल्या मेतवल्ली नावाच्या मच्छीमाराची एकुलती एक लेक. बोलत नव्हती, चित्रांचा फळा मिळाल्यावर मात्र तिला कंठ फुटल्यासारखंच झालं. बापावर तिचा भारी जीव. तो समुद्रावर गेला की पोरगी दिवसभर बापाचं चित्र फळ्यावरून सोडवून आईच्या हातात कोंबायची, आणि बाप हजर झाला नाही की डोकं भिंतीवर आपटायची. आई रडत केंद्रात आली तेव्हा इनायात म्हणाली होती, "अगं, सोपं आहे. तो बोटीवर चढला की चित्र फळ्यावरून काढून ठेव. आला की लाव. नसलेली वस्तू फळ्यावर कशाला हवी?"

युक्ती लागू पडली. सोंदोस शांत झाली. मेतवल्ली निघाला की चित्र फ्रिजवर जायचं, आणि आई म्हणायची, "गेलं गं चित्रही समुद्रावर." तो परत आला की स्वतःच्या हाताने ते फळ्यावर चिकटवायचा, आणि पोरगी हसत हसत त्याच्या गळ्यात पडायची. इनायातने हे सगळं बातमीपत्रात मोठ्या कौतुकाने छापलं. ज्यांचे बाप आखातात नोकरीला होते, ज्यांच्या आया दवाखान्यात होत्या, अशा कितीतरी घरांतली चित्रं मग फ्रिजवर गेली.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळात मेतवल्लीची बोट बुडाली. तो मिळाला नाही. मशिदीत त्याच्यामागे गैरहजर मयताची नमाज झाली, शोकाचा मांडव पडला, उठला. चित्र फ्रिजवरच होतं. सोंदोस शांत होती. लोक म्हणाले, अल्लाची कृपा, तिला कळत नाही. इनायातही मान डोलावून हेच म्हणाली होती. आता तो लेख समोर ठेवून बसल्यावर तिला वाटलं, कळत नाही कशावरून? विचारायचा शब्दच आपण उचलून ठेवलाय. पोरीने विचारायचं कशाने?

"शरूक, अंक थांबव," ती उठत म्हणाली. "मी इजबतला जाऊन येते."

"मिस, आधी छापून टाकूया ना. बाकीच्यांना तरी कळेल."

"आधी जिथं घाण केली तिथं झाडू मारते. मग गावाला सांगते."

सोंदोसच्या आईने, उम्म सोंदोसने, दार उघडलं तेव्हा तिचे हात तारल्यांच्या खवल्यांनी चमकत होते. इनायातचं म्हणणं ऐकता ऐकता तिने हात धुतले, चहा टाकला, साखर घालत राहिली.

"नको मिस."

"अगं, तिला मागू दे. मागणं हा तिचा हक्क आहे."

"आणि द्यायचा कुणी? तुम्ही देणार?" तिने चमचा आपटला. "हक्क म्हणे! घरात बसून डोकं भिंतीवर आपटेल तेव्हा तुमचा हक्क पट्टी बांधायला येणार आहे?"

"मी येईन."

"तुम्ही संध्याकाळच्या मायक्रोबसने दमियातला जाल. मला काय सांगता? मी तुम्हाला ओळखते."

बाई खोटं बोलत नव्हती.

उम्म सोंदोस चहा घेऊन समोर बसली. आवाज उतरला. "मिस, खरं सांगू? ते वर आहे तोवर तो समुद्रावर आहे. मला पण बरं वाटतं. देह कुठं बघितलाय कुणी? लिबियाच्या किनाऱ्याला लागलेली माणसं वर्षा-वर्षाने घरी आलीत."

"आलीत," इनायात म्हणाली. "पण त्याच्या बोटीवरच्या इतरांचे देह सापडले, उम्म सोंदोस. तूच त्यांना ओळखायला गेली होतीस."

तिने नजर दाराबाहेर वळवली. बाहेर ओट्यावर सोंदोस दोरीचा तुकडा उकलत बसली होती, फळा गळ्यात. कोपऱ्यावरचा वाणी तिच्याकडे बघून ओरडला, "आज चिप्सचं चित्र आणू नकोस गं बाई, पाकिटं संपली! चित्र हातात घेतलं की द्यावंच लागतं, मिसने असा कायदा करून ठेवलाय. माझं दिवाळं काढणार ही." गल्लीत सगळ्यांना तो कायदा पाठ होता. पोरीने चित्र दिलं आणि तुम्ही घेतलं, की वस्तू लगेच तिच्या तळहातावर ठेवायची. टाळाटाळ नाही, नंतर नाही. पहिला धडा हाच.

"तुम्हीच काढायला लावलंत," उम्म सोंदोस शेवटी म्हणाली. "तुम्हीच लावा. माझा हात पोचायचा नाही."

फ्रिज तिच्या खांद्याएवढाच होता. इनायातने वरचं चित्र काढलं, ओढणीच्या टोकाने धूळ पुसली. मेतवल्ली टोपी मागे सारून हसत होता. एक दात नव्हता. ओट्यावर जाऊन ती सोंदोसपुढे बसली. मनात तिने सगळं ठरवून आणलं होतं: आधी चित्र लावायचं, मग बोटीचं चित्र दाखवायचं, मग सावकाश सांगायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं. चित्र तिने फळ्यावर दाबून बसवलं.

सोंदोसने बघितलं. दोरी हातातून सुटली.

आणि ती हसली. पोटातून, खदखदून, जशी हिवाळ्यापासून हसली नव्हती. उठली, आत धावली, उलट्यासुलट्या चपला पायात अडकवून बाहेर आली, आणि आईचा हात धरून धक्क्याच्या दिशेने ओढायला लागली.

इनायात बसल्या जागी गार पडली. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. चित्र फळ्यावर परत आलं म्हणजे बाबा परत आला. हे त्या पोरीला कुणी दुसऱ्याने नव्हतं शिकवलं. घरात, न चुकता, वर्षानुवर्षं गिरवून घेतलेला तो इनायातचाच धडा होता. परदेशी लेखात लिहिलं होतं चित्र काढू नका म्हणून. एकदा काढलेलं परत कसं लावायचं, ते लिहिलं नव्हतं.

"बघा मिस," उम्म सोंदोस ओढली जात म्हणाली. रागही नव्हता तिच्या आवाजात. "बघा आता."

"थांबव तिला. मी समजावते."

"कशाने? आहे का चित्र तुमच्याकडे?"

धक्क्यावर बोटी लागत होत्या. पेट्या उतरत होत्या, मांजरं पायात घोटाळत होती. सोंदोसने एकेक बोट बघितली. मग फळ्यावरून बापाचं चित्र काढलं आणि पहिल्या माणसापुढे धरलं. तो बोटीचा तांडेल रईस अतिया होता, मेतवल्ली ज्याच्या बोटीवर काम शिकला तो. म्हाताऱ्याने चित्राकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अल्लाच्या वास्त्याने हिला घरी न्या," तो उम्म सोंदोसला म्हणाला. "मी घेऊ कसं ते?"

ती दुसऱ्याकडे गेली. त्याला एकाएकी जाळं गुंडाळायचं आठवलं. तिसरा इंजिन बघायला खाली उतरला. भर वादळात दर्यावर जाणारी माणसं त्या चार बोटांच्या चित्राला भ्यायली. कुणी तिला हटकलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. फक्त हात कुणी पुढे केला नाही.

सोंदोस आईकडे आली. उम्म सोंदोसने दोन्ही मुठी पोटाशी घट्ट धरल्या आणि मान हलवली. "मिस, माझ्याच्याने नाही होणार. मला मारून टाका, पण हे नाही."

पळून जावं असं इनायातला मनापासून वाटलं. मायक्रोबसचा थांबा दिसत होता. तिला त्या सगळ्या घरांची आठवण झाली, जिथं तिची युक्ती पोचली होती आणि अजून चालू होती. मग ती धक्क्याच्या ओल्या दगडावर गुडघे टेकून बसली, पोरीच्या तोंडासमोर तोंड येईल अशी, आणि तिने हात पुढे केला.

सोंदोसने चित्र तिच्या हातात दिलं. लगेच आपला तळहात पसरला.

"बाबा हवा," इनायात म्हणाली. "कळलं मला. सोंदोसला बाबा हवा. बाबा नाही, बाळा. बोट बुडाली. बाबा मेला. तो येणार नाही. माझ्याकडे नाही तो. कुणाकडेच नाही."

मागे उम्म सोंदोसच्या तोंडून आवाज फुटला. हिवाळ्यापासून तिने लेकीदेखत एकदाही रडू येऊ दिलं नव्हतं. सोंदोसने वळून आईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पण पसरलेला हात मागे घेतला नाही. रईस अतियाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातातली पेटी आवाज न करता खाली ठेवली.

त्या तळहातावर ठेवायला इनायातकडे काही नव्हतं. तिने चित्रच परत ठेवलं. ते तिचं होतं. आता ते कुणी काढून घेणार नव्हतं.

सोंदोसने चित्राकडे पाहिलं. अंगठ्याने त्यावरचं पाणी पुसलं. मग ते पुन्हा इनायातच्या पुढे धरलं.

शेवटची मायक्रोबस हॉर्न वाजवत होती. इनायातने चित्र पुन्हा हातात घेतलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.