तळघरातलं गवत

जेवणं उरकली आणि डॉक्टर उल्हासने स्लाइड प्रोजेक्टर काढला. झालं, आता दोन तास सुटका नाही! शहाऐंशी सालचं अमेरिकेतलं एडिसन ते. युरोप करून आलेल्यांच्या घरी जेवायला जायचं म्हणजे स्लाइड्स बघणं आलंच.

यंदा ॲमस्टरडॅम होतं. "व्हिन्सेंट व्हॅन गॉग!" डॉक्टरसाहेब गहिवरले. "गावाने अर्ज करून कोंडायला लावलं हो त्याला. पण भाऊ? शेवटपर्यंत पाठीशी! असा भाऊ पाहिजे."

पाहुणे हळहळले. उल्हासची बायको कांचन स्लाइड्स सरकवत होती. नवऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, श्रीरंग, आत्ता खाली बेसमेंटमध्ये होता, बाहेरून कडी लावलेला. अधूनमधून डोकं बिघडायचं, एरवी गरीब गाय. सहा महिने बिचारा खाली चित्रं काढत होता. उल्हासने एकदाही पाहिली नव्हती. सोमवारी त्याची रवानगी पुण्याजवळच्या कुठल्याशा संस्थेत, कायमची. तिकीटसुद्धा काढून झालं होतं. आणि हा तोंड वर करून भावाच्या मायेवर बोलतोय! शी!

श्रीरंगच्या एका चित्राची स्लाइड तिने मागेच करून घेतली होती; दुपारी ती ट्रेमध्ये घातली होती. आता ती आली. पडदाभर गवत, अगदी मुळापासून दिसणारं, वर आभाळाची चिंधी.

उल्हास क्षणभर अडखळला, पण हार मानेल तर शपथ. "हे त्याचं शेवटच्या दिवसांतलं. गवत बघा! जमिनीवर आडवं पडून काढलंय."

"ग्रेट, यार!" पाहुण्यांपैकी कुमार म्हणाला. मृणालिनीच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"आडवं पडून नाही," कांचन म्हणाली. "आपल्या बेसमेंटच्या खिडकीतून लॉन असंच दिसतं. श्रीरंगभावजींनी काढलंय."

मृणालिनीने डोळे पुसले. "तरीच म्हटलं, रंग जरा भडकच आहेत."

कांचनला किळस आली. सगळ्यांची, आणि कडी लावणाऱ्या स्वतःच्या हाताचीही.

"पुढची स्लाइड," उल्हास दातओठ खात म्हणाला.

"पुढची नाही. सोमवारचं तिकीट कॅन्सल करायचं. भावजी कुठेही जाणार नाहीत."

तिने दिवा लावला आणि सगळ्यांसमोर बेसमेंटची कडी काढली. "भावजी, वर या. पान वाढते."

खालून दबका आवाज आला. "पाहुणे गेले का वहिनी?"

"नाही," ती म्हणाली. "आहेत. म्हणूनच या."